सकाळी गिअर काऊन पडत नाई

गडचिरोलीची गोष्ट म्हटलं का तुमी पाय वर घेऊन बसता, मले मालूम हाय. आता जंगल येईन, मंग धुकं येईन, मंग झाडीच्या आडून 'गुर्रर्र' आवाज येईन. हाव, येईन. जंगल हाय, धुकं हाय, गुर्रर्र बी हाय. पन तो वाघ नाई. ते मामाच्या बोटीची मोटर होय. अन् त्या गुर्रर्रले तं कोनी भेलंच नाई. आमी भेलो ते त्याच्या मांगून आलेल्या बारक्या आवाजाले. कट-कट-कट-कट.

वाघवाले पाहुने उठून गेले असन तं आता आपन मोकळं बसू.

मी बल्लारपूरचा. शाळेत जे शिकलो ते शाळेतच ठेवून आलो, पन शाळेतले आवाज संग घेऊन आलो. हेडसरचा खोकला, घंटीवाल्या काकाची शिवी, टेशनवर गाडी लेट हाय म्हनून सांगनारी बाई, सारे येते मले. एकदा भर दुपारी घरामांगं उभा राहून मिलचा भोंगा वाजवला तं शेजारच्या काकूनं काकाचा डब्बा भरून दारात ठेवला. लोकाईले वाटते हे पोट्टं तोंडानं काम करते. तसं नाई. हे कानाचं काम होय. एखादा आवाज आला का माह्या डोस्क्यात पहिले हेच येते का हा निंगून कुठून राह्यला? घशातून, नाकातून, का पोटातून? ते समजलं का मंग तोंडाले काही जड नाई.

तं थंडीचे दिवस होते अन् मी मामाच्या गावी गेल्लो होतो. गाव वैनगंगेच्या काठावर, गडचिरोलीच्या अंगानं. घराच्या मांगून जंगल सुरू होते अन् पुढून नदी. पुरात हे गाव चहूकडून कटते, म्हनून जिल्ह्यातून गावाले एक फायबरची बोट भेटली अन् तिच्या मांगं लटकवाची मोटर. चालवाले मामाले देल्ली, काऊनका मामाचा सारा जलम लाकडाचा डोंगा चालवन्यात गेला. बांबू पान्यात रोवाचा, खांदा लावाचा, ढकलाचं. पुन्हा रोवाचा, पुन्हा खांदा. असं करता करता मामाचा उजवा खांदा बसला. टोपी घालाची म्हटलं तरी तोंड वाकडं होते. मोटर आली अन् त्या खांद्याले सुट्टी भेटली.

मी गेलो तं घरात सुतक पडल्यावानी शांतता. मामी म्हने, "तीन दिवसानं सकाळी साहेब लोक येऊन राह्यले. मोटर पाहाले."

"मंग? चहा पाजू, मोटर दाखवू."

मामा खाटेवरून बोलला, "भाच्या, ज्या गावची मोटर चालत नाई, ते उचलून दुसऱ्या गावाले देनार हायेत. वरच्या गावानं मांगनी करून ठेवली हाय."

"पन आपली तं चालते ना?"

मामी म्हने, "सकाळी पाह्यजो."

सकाळी पाह्यलं. पान्यावर वाफ तरंगत होती, थंडीनं माहे दात आपोआप मिमिक्री करत होते. मामानं डाव्या हातानं दोरी ओढली. एकदा, दोनदा, अन् मोटर गुर्रर्र. मामानं बाजूचा गिअरचा दांडा पुढं ढकलला. दांडा गेला, पन पूर्न गेला असं नाई वाटलं. अन् खालून आवाज सुरू झाला, कट-कट-कट-कट. बोट जिथल्या तिथी. पंख्याजवळचं पानी नुसतं फसफसून राह्यलं.

मामानं दांडा मधात आनला. आवाज बंद. मांगं ओढला. टक! गिअर पडला अन् बोट सरसर मांगं.

"मांगं जाते," मी म्हटलं.

"मांगं जाते," मामा म्हने. "पुढं नाई जात."

तोपर्यंत धार बोटीले खालतं ओढत चालली होती. मंग मामानं काय केलं? बोट फिरवली, पाठ काठाकडे केली अन् रिव्हर्समधे काठावर आनली. काठावर कपडे धुनाऱ्या बाया उभ्या राहून पाहून राह्यल्या होत्या. एक म्हने, "काऊन भाऊ, साहेबाले असंच घेऊन जासान का? पाठमोरं?"

दुसरी म्हने, "बरं हाय ना, निंगाच्या पहिलेच वापस आल्यासारखं दिसते!"

मामा हसला, पन खाली उतरताना त्याचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. ते पाह्यलं अन् माही मस्करी घशातच राह्यली.

मोटरीचं समजनारा एकच मानूस आमच्या वळखीचा, तो बल्लारपूरचा उस्ताद. पहिले समुद्राकडे बोटीवर होता, आता दुचाकी दुरुस्त करते अन् गिऱ्हाइकावर खेकसते. त्याले फोन लावाचा म्हटलं तं गावात नेटवर्क कुठी? गावाच्या मांगं टेकडी हाय, तिच्यावर मोहाचं झाड हाय, त्या झाडाच्या बुंध्याले पाठ लावून उभं राह्यलं तं दोन दांड्या येते. मोटर नदीवर, नेटवर्क टेकडीवर. व्हिडिओ तं लांबच, मोटरजवळ फोन धरून आवाज आयकवनं बी जमत नाई.

उस्ताद फोनवर म्हने, "आवाज कैसा है?"

"कट-कट असा."

"अबे कट-कट तो मेरे दात बी करते. आवाज आयकल्याबिगर मी काय सांगू?"

मंग माह्या डोस्क्यात आलं का, आपन कायले हावो? म्हटलं, "उस्ताद, थांबा. आवाज घेऊन येतो."

पळत नदीवर गेलो. मामाले मोटर चालू कराले लावली, दांडा पुढं. डोळे मिटून आयकलं. मंग तोंड घट्ट बंद करून, कोनाशी न बोलता, टेकडी चढलो. वाटेत मामी काही इचारत होती, मी हातानंच नाई म्हटलं. तोंडात आवाज होता ना, सांडला असता! वर जाऊन फोन लावला अन् सोडला. कट-कट-कट-कट-कट, मंग एक मोठा खडाक्क!, मंग शेवटी घर्रर्र.

उस्ताद म्हने, "हा खडाक्क असली आहे का?"

"मंजे?"

"मंजे मोटरीनं केला का तू केला?"

तो खडाक्क माह्याकडून होता. स्टेजवर शेवटी एक खडाक्क टाकला का टाळ्या पडते, तशी सवय.

"सुन," उस्ताद म्हने, "तू मसाला नको टाकू. खडाक्क असला तं आतल्या गिअरचे दात घासले, नागपूरवरून सामान आनाव लागन, परवापर्यंत होत नाई, विषय संपला. खडाक्क नसला तं अजून उमीद आहे. जा, पुन्हा आन. सादा आन."

पुन्हा खाली, पुन्हा वर. आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज असा आनला जसा पान्यानं भरलेला पितळी गंज डोक्यावरून आनतेत. एक थेंब बी माह्या पदरचा नाई. कट-कट-कट-कट, सारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीचा.

"बीच में बोट ने झटका दिया? पकडला अन् सुटला असं?"

"नाई. पकडतच नाई. पहिल्यापासूनच कट-कट."

"हां!" उस्ताद खुश झाला. "दात घासलेले असते तं पकडून सुटले असते. इथी पकडतच नाई. मंजे गुटका पूर्न सरकून नाई राह्यला."

"कोनता गुटका?"

आता माही गंमत सुरू झाली. मले मोटर दुरुस्त होनं जितकं पाह्यजे होतं, तितकंच हे बी पाह्यजे होतं का इंजिन तं एकाच बाजूनं फिरते, मंग बोट मांगं कशी जाते? मी इचारलं अन् उस्तादले बी सांगाची खुमखुमी आली. म्हने, मोटरीतून एक दांडा सरळ खालतं पान्यात जाते. त्याच्या टोकाले दोन दातेरी चक्रं समोरासमोर बसले हाय. दोनी कायम फिरतेत, एक उजवीकडे, एक डावीकडे. पंख्याच्या दांड्यावर, त्या दोघाच्या बरोब्बर मधात, एक गुटका हाय. तो पुढच्या चक्राले भिडला का बोट पुढं. मांगच्याले भिडला का मांगं. कोनालेच नाई भिडला का न्यूट्रल.

"मंजे घरजावई!" मी म्हटलं.

"क्या?"

"एका बाजूनं बायको, एका बाजूनं सासू. दोघी आपापल्या बाजूनं फिरून राह्यल्या. हा मधात. ज्याच्याकडे सरकला त्या बाजूनं घर चाललं. अन् अर्धवट सरकला तं..."

"कट-कट," उस्ताद म्हने, अन् इतका हसला का त्याले खोकला लागला. तो खोकला मी लगेच जमा करून ठेवला. मंग म्हने, "अब देख, ए रेडिओ. घरजावयाले सरकवनारा वरचा दांडा कुठी तरी अडकून राह्यला. पहिले ऑइल पाह्य. पंख्याच्या वरतं एक इस्क्रू आहे, थोडासा ढिला कर, एक थेंब बोटावर घे. दुधाच्या चहासारखा असला तं आत पानी गेलं. काळसर असला तं बरा. मंग दांडा कुठपर्यंत जाते ते पाह्य."

आमी ऑइल पाह्यलं. काळसर होतं, जुन्या मधावानी. मामाले जरा हुशारी आली. तोपर्यंत दुपार झाली होती, उन्हं चांगली तापली होती. दांडा पाहाले म्हनून मामानं मोटर चालू केली, पुढं ढकलला, अन् टक! गिअर पडला. बोट सुसाट पुढं. मी तोल जाऊन बोटीतच आडवा.

मामानं नदीत तीन-चार चकरा मारल्या. पुढं, मांगं, पुढं. काहीच तकरार नाई. काठावरची तीच बाई म्हने, "आता सरळ झाले बावा!"

टेकडीवर जाऊन उस्तादले सांगतलं तं तो खेकसला, "मोटर ठीक आहे, तुमीच खराब आहा! थंडीत हाताले जोर नाई अन् माहा टाइम खाऊन राह्यले!" अन् फोन कट.

त्या दिवशी मामा पोटभर जेवला. मले मात्र जेवन गोड नाई लागलं. आपोआप बिघडलेलं आपोआप सुधरते असं मानसात होते, मोटरीत कसं होईन?

दुसऱ्या सकाळी मीच म्हटलं, "मामा, एक बार पाहून घेऊ."

कट-कट-कट-कट.

मामानं मोटर बंद केली. रिव्हर्समधे काठाले आला, घरी गेला, अन् छपरावर ठेवलेला जुना बांबू खालतं काढला. खाली बसून त्याच्या गाठी कोयत्यानं तासाले लागला. खर्र, खर्र. तो आवाज मी नाई उचलला. मले नाई पाह्यजे होता.

"मामा, उद्याची सकाळ हाय अजून," मी म्हटलं.

"हाव ना. साहेब सकाळीच येते," मामा म्हने. "दुपारी आले असते तं पास झालो असतो."

ते वाक्य माह्या डोस्क्यात रुतून बसलं. दुपारी पास, सकाळी नापास. मंग दुपारी असं काय असते जे सकाळी नसते? मामा तोच, मोटर तेच, पेट्रोल तेच, नदी तेच. घरजावई बी तोच. फरक कशाचा? उन्हाचा! पन लोखंडाले ऊन लागलं काय, नाई लागलं काय?

मामा घाटावर गेला, साहेब लोकाईसाठी चिखलात फळ्या टाकाले. मी मोटरपाशी जाऊन बसलो. बोट काठाले ओढून ठेवली होती. मोटरीवर मुंग्याईची लाइन लागली होती. वरच्या झाकनाच्या बाजूनं, जिथून गिअरचा दांडा बाहेर येते त्या फटीत जाऊन राह्यल्या अन् तिथून बाहेर येऊन राह्यल्या. म्हटलं, वा! आमाले गिअर टाकता नाई येत अन् मुंग्या आत जाऊन टेरनिंग घेऊन राह्यल्या. पन पेट्रोलचं वेड मुंग्याईले कधीपासून लागलं?

तेवढ्यात मामीनं जेवाले हाक मारली. गरम भात वाढला. तुपाचा डब्बा उघडला, चमचा घातला तं चमचा आत जाईच ना. तूप दगडावानी जमलेलं. मामी म्हने, "थंडीचं असंच होते बावा," अन् डब्बा चुलीच्या बाजूले सरकवला. मी भात थांबवून त्या डब्ब्याकडे पाहत राह्यलो. जरा वेळानं मामीनं डब्बा तिरपा केला. तूप सरसर भातावर.

सकाळी दगड. गरम झालं का सरसर.

मी उष्ट्या हातानंच उठून पळालो. मांगून मामी वरडली, "अरे भात!" मोटरीच्या त्या फटीले नाक लावलं. पेट्रोलच्या खालून, ऑइलच्या खालून, एकदम ओळखीचा वास. पुरनपोळीच्या दिवशी घरात येते तो. मुंग्या बिचाऱ्या केव्हाच्या सांगून राह्यल्या होत्या.

मी वापस आलो. "मामी, मोटरले तूप कोनं लावलं?"

मामीच्या हातातली पळी भाताच्या गंजावरच थांबली. पहिले तिनं दाराकडे पाह्यलं, मामा नाई ना म्हनून. मंग हळूच म्हने, "पोळ्याले."

आता ज्याले माहीत नाई त्याच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचा खांदा शेकतेत. वर्सभर त्यानं जू वाह्यलं ना, म्हनून तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं त्याच्या खांद्याले चोळाची, अन् त्याच्या कानात सांगाचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' पन आमी मासोळ्या धरनारे लोक. दारात बैल कुठी?

"साऱ्या गावाचे बैल नटले," मामी म्हने. "आपल्या घरी काय हाय? पावसाळाभर कोनं वाह्यलं? तिनंच ना? गावातल्या बाळंतिनीले पुरातून पलीकडे कोनं नेलं? तुह्या मामाच्या खांद्याले मी रोज तूप-हळद चोळतो. त्याच खांद्याचं काम तिनं केलं. मंग तिचा खांदा नको शेकाले?"

"पन खांदा कुठी हाय तिले?"

"मले काय माहीत! जिथून हात बाहेर येते तिथीच खांदा असन ना? म्हनून त्या दांड्याच्या बुडात लावलं."

"आवतन बी देल्लं?"

"देल्लं ना. कान नाई दिसला तं दोरी ओढतेत त्या भोकात सांगतलं."

मले हसू येऊन राह्यलं होतं, पन मामीचं तोंड पाहून मी गाल आतून चावून धरला. "किती लावलं?"

"वाटीभर. पानी उतरल्यावर मोटर घरात ठेवली तेव्हा अजून एकदा लावलं. थकली होती ना." मंग तिनं माहं मनगट धरलं. "त्यानं बिघडली का रे? परवापासून मले हेच वाटून राह्यलं. तुह्या मामाले सांगशीन नको. मोटर गेली अन् माह्यामुळं गेली असं झालं तं त्याईच्या खांद्याले मी कोनत्या तोंडानं हात लावू?"

मंग मी हसलो नाई. म्हटलं, "गेली कुठी? आत्ता काढतो."

पन टेकडी चढल्याबिगर काढाचं कसं? उस्तादले सारं सांगतलं.

"तूप," उस्ताद म्हने. "समुद्राचं मीठ पाह्यलं. वाळू पाह्यली. एकदा खेकडा निंगाला. तूप नाई पाह्यलं." मंग म्हने, "घरचं का दुकानचं?"

"घरचं."

"अरेरे," उस्ताद म्हने, खरंच जीव जळाल्यावानी. मंग एकदम कामाचा झाला. "झाकन काढ. दांडा आत जाते तिथी एक खाचवाली पट्टी असन, तिच्यावर इस्प्रिंग अन् छर्रा. छर्रा खाचेत बसला का टक आवाज येते. पुढच्या गिअरची खाच तुपानं भरली असन. टूथब्रशले पेट्रोल लावून साफ कर. चुलीपासून दूर बस, समजला का? बिडीवाल्याले जवळ येऊ नको देऊ. वाळलं का मंग गिरीस. बोटीचं भेटलं तं बरं, नाई तं ट्रॅक्टरचं बी चालन. अन् खरी परीक्षा दुपारी नाई, सकाळी थंडीत. दुपारच्या टकवर भरोसा ठेवू नको."

झाकन काढलं तं आत उस्ताद बोलला तसंच होतं. मांगची खाच साफ, पुढची गच्च. मोटर धानाच्या कोंड्याजवळ ठेवली होती, तो कोंडा उडून तुपात बसला अन् हळदीसंग असा जमला का जशी पुरनाची गोळीच. दुपारी ती नरम पडे अन् छर्रा तिले दाबून खाचेत बसे. सकाळी गोळी टनक, छर्रा अर्ध्यावरच थांबे, अन् खाली घरजावई ना इकडचा ना तिकडचा. इतक्याशा गोळीनं इतकी मोठी बोट उलटी चालवली! मी ते काडीनं कोरून हातावर घेतलं अन् किती तरी वेळ पाहत बसलो. मामी बाजूले उभी राहून कंदील पुसून राह्यली होती, लक्ष सारं माह्या हातावर.

"टाकून दे ना रे ते," ती म्हने.

मुंग्याईसाठी काठावर ठेवून देल्लं. शोध त्याईचाच होता.

शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून बोटभर गिरीस आनलं, लावलं, झाकन बसवलं. मामा आला तं इतकंच सांगतलं का उस्तादनं साफसफाई कराले सांगतली होती, केली. मामानं मोटरकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, मामीकडे पाह्यलं, अन् बांबू तासाले बसला.

साहेबाची सकाळ सगळ्यात जास्त थंडीची निंगाली. जिल्ह्यातून एक साहेब अन् एक त्याईच्या हाताखालचे, दोघं नारंगी जाकीट घालून बोटीत बसले. मी पुढं बसलो. मामी काठावर, पदराचं टोक तोंडात.

"काका, चालू करून दाखवा," साहेब म्हने. एकदम साफ, पुस्तकातल्यावानी. मी मनात उचलून घेतलं.

मामानं दोरी ओढली. गुर्रर्र. दांडा पुढं. माहा सारा जीव कानात.

टक.

बोट निंगाली. धुक्यातून सरळ, पुढं, तोंड पुढं करून! मांगं पाह्यलं तं मामीच्या तोंडातून पदर सुटला होता. मामानं मांगचा गिअर दाखवला, पुन्हा पुढचा दाखवला. मधल्या धारेपर्यंत आलो तरी काहीच तकरार नाई. साहेब खुश. मले म्हने, "छान आहे की मोटर. मग बिघडली होती असं काठावर सांगत होते ते काय?"

"आता ठीक हाय साहेब. नुसता आवाज येत होता."

"कसला आवाज?"

आता तुमीच सांगा. साहेबानं इचारलं. मी कलाकार. दोन दिवस तो आवाज डोक्यावरच्या गंजावानी वाह्यलेला, बिनमसाल्याचा, एकदम असली. मी तोंड उघडलं.

कट-कट-कट-कट-कट!

मामाचं तोंड धारेकडे होतं. त्यानं मांगं पाह्यलंच नाई. आवाज आयकला, दांडा झटक्यात मधात ओढला अन् मोटर बंद केली. एकदम शांत. बोट धारेसंग आडवी होऊन खालतं वाहाले लागली. हाताखालच्या साहेबानं बोटीची कडा दोनी हातानं धरली. मामाचा चेहरा धुक्यावानी पांढरा. हळूच म्हने, "गेला. गिअर गेला."

"मामा," मी म्हटलं, "मी होतो."

मामानं माह्याकडे असं पाह्यलं का मले वाटलं पान्यात उडी मारलेली बरी. मंग डाव्या हातानं दोरी ओढली. नाई. पुन्हा ओढली. नाई. तिसऱ्यांदा त्यानं दुखरा हात बी लावला, तोंड वाकडं केलं अन् ओढली. गुर्रर्र. दांडा पुढं. टक. बोट धारेले भिडली अन् वर चढाले लागली.

साहेब पहिले सावरून बसले, मंग हसाले लागले. "काका, धारेत बंद पडली तर तुम्ही काय करता, हेच मला विचारायचं होतं. न विचारता दाखवलंत." अन् काठाले उतरताना म्हने, "मोटर इथंच राहू द्या."

साहेबाची गाडी वळनावर दिसेनाशी झाली अन् मामा माह्याकडे वळला. मामानं भाच्याले मारलं का म्हातारपनी हात कापते म्हंतेत, म्हनून मारलं नाई. जे हातातून नाई निंगालं ते सारं तोंडातून निंगालं.

"बेअकली! धारेच्या मधात आवाज काढतं? तुह्या मायनं तुले तोंड देल्लं का भोंगा देल्ला? साहेब वाहून गेला असता तं त्याचा आवाज काढून जिल्ह्याले पाठवनार होता का? माहा जीव इथपर्यंत आला होता, इथपर्यंत! मोटर गेली असती तं हा बांबू तुह्या खांद्यावर देल्ला असता अन् पावसाळाभर ढकलाले लावला असता. हसून राह्यला? काऊन हसून राह्यला? अन् तू कायले पदरात तोंड लपवून राह्यली वं? तुमाले वाटते मले काही समजत नाई! परवापासून मोटरीले पोळ्याचा वास येऊन राह्यला, मले नाक नाई का? पुढच्या पोळ्याले शेकाचा असन तं माहा खांदा शेकजो, तो बी हाय अजून! अन् तू, भाच्या, आयकून ठेव. पुन्हा बोटीत तोंड उघडलं ना, तं त्या तोंडात गिरीस भरीन. तूप नाई, गिरीस!"